उजळलेली नाणी

नीलिमाताई थोरवडे सांगलीच्या सरकारी दवाखान्यातल्या लॅबमध्ये चौतीस वर्षं लोकांचं रक्त तपासत होत्या. त्या कामात माणसाला दोन सवयी लागतात, असं त्या सांगतात. दिसेल तेवढंच लिहायचं, आणि लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. या दोन्ही सवयी त्यांनी जुन्या नाण्यांकडे नेल्या. त्यामुळे आमच्या नाणी मंडळात त्यांच्याबद्दल आदर खूप आहे, आणि प्रेम बेताचं.

मी या मंडळाचा सचिव. म्हणजे हॉल ठरवणं, चहा सांगणं आणि कुणी रुसलं तर त्याच्या घरी जाऊन येणं. नीलिमाताई परीक्षक झाल्यापासून तिसरं काम वाढलं. एकदा मिरजेचे एक डॉक्टर चौसष्ट सालचा रुपया घेऊन आले होते. तो त्यांनी बराच शोधून मिळवला होता. ताईंनी भिंगातून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "एकदा पडलाय. फरशीवर." डॉक्टरांनी विचारलं, फरशीवर कशावरून? तर म्हणाल्या, मातीवर पडला असता तर कडेला असा चेप आला नसता. डॉक्टर पुढचे दोन महिने बैठकीला आले नाहीत. मी जाऊन आलो.

त्या मूळच्या आष्ट्याच्या. वडील धोंडिराम तिथल्या एका शाळेत शिपाई होते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया निघाला तेव्हा नीलिमाताई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या आणि रोज एसटीने सांगलीला ये-जा करत होत्या. त्यांच्या वस्तीत तो रुपया यायचा, पण बाहेर जायचा नाही. कुणी तो फोटोच्या चौकटीला चिकटवला, कुणी तांदळाच्या डब्यात ठेवला, कुणी भोक पाडून दोऱ्यात ओवला. कोपऱ्यावरचा वाणी म्हणायचा, या गल्लीत सुटे देणं म्हणजे विहिरीत टाकणं.

धोंडिरामांचं वेगळं होतं. पहिला रुपया त्यांनी कापसात ठेवला. दुसरा हाती आला की दोन्ही खिडकीत नेऊन शेजारी ठेवायचे, बाबासाहेबांच्या चष्म्याची कड कुठल्यावर जास्त धारदार आहे ते बघायचे, आणि उणा असेल तो वाण्याला देऊन मीठ-मिरची आणायचे. यावरून वस्तीत बोलणं झालं. बाबासाहेबांचा रुपया खर्चायला याचा हात कसा होतो, असं चार जणांनी विचारलं. धोंडिराम म्हणाले, "बाबासाहेब खर्च होत न्हाईत. रुपया होतो. त्यातला चांगला ठिवायचा."

चार वर्षांत त्यांनी साठ-बासष्ट रुपये पाहिले आणि त्यातून एक ठेवला. मग मुलीला म्हणाले, तुमच्या दवाखान्यात दुर्बीण आहे ना, तिच्यातून एकदा बघून ये, माझ्या डोळ्यांचं आता खरं नाही. नीलिमाताईंनी तो कापसासकट डब्यात घालून नेला आणि जेवणाच्या सुट्टीत मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्याच वेळी खिडकीत एक उंच गृहस्थ साखरेचा रिपोर्ट न्यायला येऊन उभे राहिले. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ.

"बाई, ते रक्त न्हाई," ते म्हणाले.

सरकारी यंत्राचा गैरवापर म्हणून हा माणूस आता तक्रार करणार, असं ताईंना वाटलं. त्यांनी नाणं उचललं. गृहस्थ म्हणाले, पोटाला हात लावू नका, कडेनं धरा. मग खिडकीतून हात आत घालून त्यांनी ते स्वतः दोन बोटांत कडेने धरलं आणि उजेडात हळूहळू फिरवलं.

"चष्म्याची कड हाय. कानाची पाळी बी शाबूत हाय. कुणी निवडला?"

"वडिलांनी."

"किती बघून?"

"साठ-बासष्ट."

"मग बरोबर हाय," म्हणाले, आणि रिपोर्ट घेऊन निघाले. साखर दोनशे चाळीस होती. त्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

हे कुंडलचे सुभेदार लालासाहेब सूर्यवंशी. फौजेत त्यांची सगळी नोकरी सामानाच्या डेपोत गेली. आलेला माल तपासायचा, आणि चांगला कुठला, चालेल कुठला, परत कुठला ते लिहायचं. एकोणसत्तर साली पगारात गांधीजींचं चांदीचं दहा रुपयांचं नाणं आलं, ते त्यांनी ठेवून घेतलं. तेव्हापासून सरकारने कशाच्याही निमित्ताने नाणं काढलं की ते एक घ्यायचे. पेन्शनीत आल्यावर बारा एकर ऊस आणि ही नाणी, एवढंच त्यांनी पाहिलं. चौऱ्याहत्तर सालचं 'नियोजित परिवार' असं लिहिलेलं नाणं दाखवताना ते सांगायचे, हे आलं त्याच साली आमचा चौथा झाला.

नीलिमाताई रविवारी कुंडलला जाऊ लागल्या. नाण्याची स्थिती कशी ओळखायची ते लालासाहेबांनी त्यांना शिकवलं. पुस्तकातल्या इंग्रजी पायऱ्या त्यांना मान्य नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या होत्या. टाकसाळीतून आल्यासारखं कोरं नाणं म्हणजे 'परेडला उभं'. थोडं फिरलेलं 'ड्युटीवर'. झिजलेलं पण सगळं वाचता येतं ते 'पेन्शनीत'. ज्याचं सालसुद्धा लागत नाही ते 'बेपत्ता'. आणि घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याला ते म्हणायचे, 'मढ्याला पावडर'. याला पायरी नाही, ते पंगतीबाहेर.

कोऱ्या नाण्यावर टाकसाळीतल्या ठोक्याची एक चकाकी असते, हे त्यांनी ताईंना दाखवलं. नाणं उजेडात फिरवलं की उजेडाची पट्टी त्याच्याबरोबर फिरते. घासलं की पट्टी मरते आणि नुसती चमक उरते, दुकानातल्या स्टीलच्या वाटीसारखी. चांदी वर्षानुवर्षांनी काळी-निळी पडते त्याचंही तसंच. "ती तिची कातडी हाय," लालासाहेब म्हणायचे. "कातडी सोलायची न्हाई."

सुरुवातीला त्या घरात नीलिमाताईंना चहा वेगळ्या कपात यायचा. निळ्या फुलाचा, कडेला टवका उडालेला. लालासाहेबांच्या मंडळी, मनुबाई, तो सोप्यातल्या कोनाड्यात ठेवायच्या, आत न्यायच्या नाहीत. ताईंनी ते पहिल्याच रविवारी पाहिलं. तिसऱ्या रविवारी चहा आला तेव्हा लालासाहेबांनी निळ्या फुलाचा कप स्वतः उचलला आणि आपला कप ताईंच्या पुढे सरकवला, आणि एकोणसत्तरच्या वीस पैशांबद्दल जे बोलत होते ते बोलत राहिले. पुढच्या रविवारी तो कप कोनाड्यात नव्हता. त्याविषयी त्या घरात कधी कुणी बोललं नाही. मलाही ताईंनी हे एकदाच सांगितलं, आणि टवका कडेला नेमका किती होता तेही सांगितलं.

पौषात औंधला यमाईची यात्रा उठली की दुकानदारांकडे चिल्लरीच्या पिशव्या साठलेल्या असायच्या. लालासाहेब नोटा देऊन त्या घ्यायचे, आणि दोघं एसटी स्टँडच्या बाकावर बसून वेचायचे. दिवसभरात एखादं नाणं निघालं तर निघालं. निघालं की ते वहीत जायचं. जाड पुठ्ठ्याची वही, फौजी वळणाचं अक्षर. प्रत्येक नाण्याला दोन-तीन ओळी, आणि त्यात फक्त स्थिती. कुठं घेतलं, केवढ्याला, यातलं काही नाही.

ताईंनी लग्न केलं नाही. स्थळं आली, तपासली, कळवलं नाही, असं त्या म्हणतात. धोंडिराम शहाण्णव साली वारले. रुपया ताईंकडे राहिला.

दोन हजार एकोणीसच्या पुरात ताईंच्या सांगलीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत सहा दिवस पाणी होतं. नाण्यांचा डबा कपाटाच्या खालच्या खणात राहिला होता. पाणी उतरल्यावर त्यांनी नाणी नळाच्या साध्या पाण्याखाली धरली, चोळली नाहीत, आणि कापसावर वाळवली. वडिलांच्या रुपयावर खांद्याच्या वर एक तपकिरी डाग राहिला. आमच्या मंडळातल्या एकाने त्यांना सांगितलं की अमुक एका द्रावणाने तो अर्ध्या मिनिटात निघेल. ताई म्हणाल्या, "डाग निघेल, पण पूर आला होता ना." नाण्याच्या पाकिटावर पूर्वी 'परेडला उभं' होतं. ते खोडून त्यांनी 'ड्युटीवर' लिहिलं आणि पुढे पुराची तारीख घातली.

पुढच्या जानेवारीत लालासाहेब गेले. ताई कुंडलला जाऊन आल्या, मनुबाईंजवळ तासभर बसल्या. नाण्यांचा विषय निघाला नाही आणि त्यांनी काढला नाही. मग कोरोना आला. त्यानंतर त्या चार वर्षं त्या गावाला गेल्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारी दोन हजार चोवीसमध्ये आमच्या मंडळाने विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन आणि स्पर्धा ठेवली. हॉल, मांडव आणि पहिल्या दिवसाचं जेवण एका माणसाने स्वतःहून अंगावर घेतलं. लालासाहेबांचा धाकटा मुलगा, तोच चौथा, उदयसिंह. रस्त्याची कंत्राटं घेतात, पन्नाशीला आलेत, बोलायला मोकळे. त्यांची एकच इच्छा होती की वडिलांची नाणी वडिलांच्या नावाने लोकांसमोर मांडायची. दारातल्या फलकावर लालासाहेबांचा फोटो होता. उदयसिंहांचाही होता. तो थोडा मोठा आला होता, पण ती छापणाऱ्याची चूक असावी.

'स्वतंत्र भारताची स्मारक नाणी' या विभागात त्यांचा मांड होता, चौपन्न नाण्यांचा. निळं मखमल, वर बारीक दिवे. मी झाकण उघडून पाहिलं आणि माझ्या तोंडून "वा" निघालं. एवढी लखलखीत नाणी मी एका जागी पाहिली नव्हती. हे मी लपवत नाही. मी सचिव आहे, परीक्षक नाही.

नीलिमाताई सकाळी आठला आल्या. बाकीचे मांड तपासून या मांडापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मग एकोणसत्तरचं दहा रुपयांचं नाणं कडेने उचलून दिव्याखाली फिरवलं, ठेवलं, दुसरं उचललं. मी कागद धरून बाजूला होतो. त्या मांडाला त्यांना एक तास लागला. मध्ये एकदाच बोलल्या. वही कुठाय, म्हणून विचारलं. कसली वही ते मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं:

'एकूण नाणी ५४. पैकी ४७ उजळलेली. चांदीची रसायनात बुडवून व ब्रश मारून, इतर घासून. मूळ चकाकी नाही. पितळी ७ नाण्यांना हात लागलेला नाही, स्थिती उत्तम. संग्रह स्पर्धेस अपात्र.'

मी त्यांना हाराफुलांच्या टोपल्यांकडे बाजूला नेलं. हॉल कुणी दिलाय ते सांगितलं. आत आचारी पुऱ्या लाटायला बसलेत, तेही सांगितलं. पहिला नको, दुसरा नंबर देता येईल का, निदान 'अपात्र' ऐवजी काही मऊ शब्द घालता येईल का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, दुसरा नंबर दिल्याने नाणी बदलणार असतील तर देते.

मग मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, "तुमच्या गुरूचीच आहेत ना ती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कागद हातात असताना त्यांनी माझ्याकडे पाहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

"म्हणून तर तासभर बघितली," त्या म्हणाल्या. "कळलं होतं दोन मिनिटांत."

निकालाचे कागद नियमाप्रमाणे मांडांशेजारी लागले. पहिलं बक्षीस तासगावकडचे निवृत्त पोस्टमास्तर नानासो यांना मिळालं. त्यांची वीसच नाणी होती, बहुतेक पेन्शनीतली, पण प्रत्येकावर खरी स्थिती लिहिलेली होती. बक्षीस उदयसिंहांच्याच हस्ते द्यायचं होतं. त्यांनी आपल्या मांडाशेजारचा कागद वाचलेला होता. त्यांनी नानासोंना हार घातला, करंडक दिला, फोटोत हसले, आणि जेवायला न थांबता गाडीत बसून गेले. जेवण त्यांचंच होतं. आम्ही सगळे जेवलो. श्रीखंड चांगलं होतं.

आठ दिवसांनी मला त्यांचा फोन आला. त्या बाईंचं घर कुठाय, एवढंच विचारलं. रुसलेल्या माणसाला एकट्याला पाठवणं बरं नाही म्हणून मी बरोबर गेलो. पुरानंतर ताई तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या आहेत. उदयसिंह नाण्यांची पेटी दोन्ही हातांत धरून तीन जिने चढले, मला हात लावू दिला नाही. काखेत एक जाड पुठ्ठ्याची वही होती. निघताना आईने दिली म्हणाले.

आत आल्यावर ते बसले नाहीत.

"ताई, तुमी आमच्या घरी जेवलाय. आण्णांच्या शेजारी बसून."

"जेवलेय," ताई म्हणाल्या.

"मग चार लोकांत असं लिवायचं? त्यांच्या नावावर?"

 ताईंनी विचारलं, "कुणी उजळली?"

 उदयसिंह बसले आणि सांगू लागले. प्रदर्शन ठरल्यावर त्यांनी पेटी पहिल्यांदाच उघडली. नाणी काळी ठिक्कर पडलेली. त्यांना लाज वाटली. आपण आपल्या उद्योगात राहिलो आणि आण्णांच्या नाण्यांकडे चार वर्षं कुणी पाहिलं नाही म्हणून ही गत झाली, असं वाटलं. चांदीची सगळी त्यांनी पलूसला सोनाराकडे नेली. सोनाराने, घरचे दागिने उजळून देतो तशी, बुडवून आणि ब्रश मारून तासाभरात उजळून दिली. बाकीची त्यांनी स्वतः केली. दोन रविवार, टूथपेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन. घरात कुणाला हात लावू दिला नाही. पितळी सात राहून गेली, कारण तिसरा रविवार प्रदर्शनाचा होता.

"आण्णांसाठी केलं ओ," ते म्हणाले. "नावासाठी न्हाई."

ताईंनी खिडकीजवळ टेबल ओढलं. एकोणसत्तरचं नाणं उदयसिंहांच्या हातात कडेने दिलं, डोळ्याला भिंग लावायला सांगितलं आणि फिरवायला सांगितलं. त्यांना काही दिसेना. मग त्यांनी पितळी वीस पैशांचं दिलं. ते फिरवल्यावर उजेडाची पट्टी त्याच्याबरोबर फिरली, ती त्यांना दिसली. पुन्हा चांदीचं दिलं. ते त्यांनी तीनदा फिरवलं. त्यावर बारीक रेघा होत्या, सगळ्या एका दिशेने. पट्टी नव्हती.

"वही वाचलीत?" ताईंनी विचारलं.

उदयसिंहांनी वाचली नव्हती. उसाचा हिशेब असेल असं त्यांना वाटलं होतं. ताईंनी पान काढून दिलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ते वाचू लागले.

"दहा रुपये, एकोणीसशे एकोणसत्तर, चांदी. परेडला उभं. गालावर निळी-जांभळी झाक, कानामागे गडद. अशी झाक दुसऱ्या नाण्यावर पाहिली नाही. पुसू नये."

त्यांनी खालची नोंद वाचली. सत्तर सालची. तिच्या शेवटीही 'पुसू नये' होतं. त्याखालची त्यांनी मनातच वाचली. मग पान उलटलं, पुढचंही उलटलं, प्रत्येक नोंदीचे शेवटचे दोन शब्द बघत गेले, आणि वही मांडीवर ठेवून दिली.  ताई चहा ठेवायला उठल्या.

"परत काळी हुतील का?" उदयसिंहांनी विचारलं.

"होतील. चाळीसएक वर्षं लागतील."

"आण्णांनी लिवलीत तशी?"

"नाही. वेगळी होतील. झाक कुठे धरेल ते सांगता येत नाही."

मी मध्ये काहीतरी बोललो. म्हणजे तुमचा हेतू चांगला होता, प्रेमाने केलंत, अशा अर्थाचं. कुणी लक्ष दिलं नाही. ताईंच्या स्वतःच्या डब्यात पुराचा डाग पडलेला रुपया होता. त्याची गोष्ट त्या सांगू शकल्या असत्या. सांगितली नाही. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्याने त्यांच्या नाण्यांत काय फरक पडला असता?

चहा अर्धा झाल्यावर उदयसिंह म्हणाले, "आण्णा काय म्हनले असते?"

"आधी शिवी दिली असती."

"व्हय. आनि मग?"

"मग वहीत लिहिलं असतं."

उदयसिंहांनी थोडा वेळ वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पेन मागितलं. एकोणसत्तरच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं: 'उजळले. फेब्रुवारी २०२४. उदयसिंह लालासाहेब.' अक्षर बापापेक्षा वाईट होतं. ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, एवढं पुरत नाही, आज कसं आहे तेही पाहिजे. मग त्यांनी नाणं परत त्यांच्या हातात दिलं. उदयसिंहांनी भिंगातून पाहत पाहत सांगितलं आणि लिहिलं: रेघा, गालाच्या उंचवट्यावर जास्त, चकाकी नाही, कानामागे थोडा काळेपणा शिल्लक. तो शिल्लक काळेपणा त्यांचा त्यांनाच सापडला. ताई म्हणाल्या, "बरोबर."

त्या दिवशी सात नाणी झाली. सातव्याच्या वेळी ताई उठून आत गेल्या आणि आतला नळ बराच वेळ चालू राहिला. मी तिकडे पाहिलं नाही. ती सवय मला त्यांच्याकडूनच लागली आहे.

पुढच्या रविवारी वीस नोंदी झाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मनुबाईंचा निरोप आला की माझ्या घरची नाणी दुसऱ्याच्या जिन्यात कशाला चढवता, इकडे या. तसं आम्ही कुंडलला गेलो. मनुबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, चालताना भिंतीला हात लावतात. त्यांनी नीलिमाताईंना आत स्वयंपाकघरात, आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि इतकी वर्षं का आली नाहीस म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, कारण असं काही नव्हतं. मनुबाई म्हणाल्या, मग यायचं.

जेवण झाल्यावर उरलेल्या नोंदी सोप्यात बसून झाल्या. मनुबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. उदयसिंह एकेक नाणं फिरवून त्यावरच्या रेघा सांगत होते, आणि ताई कुठे हो म्हणत होत्या, कुठे पुन्हा बघा म्हणत होत्या. शेवटचं झालं तेव्हा मनुबाई बोलल्या.

"मी त्यास्नी तीस वर्सं म्हनत हुते, चिंच लावून घासून देते. हात लावला तर म्हायेरी धाडीन म्हनायचे." मग त्यांनी पेटीत वाकून पाहिलं. "लय झाक दिसत्यात की आता."

 उदयसिंहांनी झाकण लावलं.

त्यानंतर ते आमच्या बैठकांना येऊ लागले. सुरुवातीला मागच्या ओळीत बसायचे. नवीन कुणी नाणं आणलं की भिंग मागून घेतात आणि कडेने धरून खिडकीपाशी नेतात. त्यांचे अंदाज निम्मे चुकतात, ते ताई तिथल्या तिथे सांगतात, आणि ते ऐकून घेतात. मला त्यांच्या घरी जावं लागलेलं नाही. एकदा ते बैठकीनंतर म्हणाले की पूर्वी आण्णा नाणी घेऊन बसले की मला वाटायचं, हा माणूस रविवारभर एका जागी बसून बघतो तरी काय. आता थोडं कळतं, पण विचारायला माणूस नाही. ताई जवळच पाकिटं भरत होत्या. त्या म्हणाल्या, मला विचारा, मला जे सांगितलंय तेवढं सांगते.

दोन हजार पंचवीसच्या प्रदर्शनात उदयसिंहांनी पुन्हा मांड लावला. या वेळी स्पर्धेबाहेर. निळं मखमल होतं, दिवे साधे होते. प्रत्येक नाण्याखाली वडिलांची नोंद आणि त्याखाली त्यांची स्वतःची, मोठ्या अक्षरात टाइप करून लावली होती. वही मधोमध काचेत. वर पाटी: 'उजळलेली नाणी. मी उजळली. असं करू नये.' दारातल्या फलकावर या खेपेला एकच फोटो होता.

गर्दी त्याच मांडापाशी जास्त झाली. तासगावहून आलेल्या एक बाई चष्मा वर-खाली करत सगळ्या नोंदी वाचत होत्या. चांगला अर्धा तास वाचत होत्या. उदयसिंह शेजारी उभे होते. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं, असं मला वाटतं. वाचून झाल्यावर बाईंनी मान वर केली आणि विचारलं की ही कुठल्या सोनाराकडे दिली होती, कारण त्यांची देवाची चांदीची भांडी फार काळी पडली आहेत आणि इतकं स्वच्छ काम त्यांच्याकडे कुणी करत नाही.

उदयसिंहांनी नीलिमाताईंकडे पाहिलं.

"सांगा की," ताई म्हणाल्या. "भांड्याला चालतं."

त्यांनी एका पाकिटामागे नंबर लिहून दिला. दुपारपर्यंत तो नंबर अकरा जणांनी नेला.